डिटॉक्सनंतरचे काम: व्यसनावरील मानसोपचार आणि वर्तनोपचार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. थोरल्या भावाने रुग्णालयात राहून दोनदा दारू सोडली आणि दोन्ही वेळा काही महिन्यांत ती पुन्हा सुरू झाली. आता डॉक्टर मानसोपचार घ्या म्हणतात. पण जे औषधांनी, शपथांनी आणि घरच्यांच्या विनवण्यांनी झाले नाही ते नुसत्या बोलण्याने कसे होणार, अशी शंका घरात सर्वांना आहे. या उपचारांत नेमके काय करतात, त्यांपैकी कशाचा उपयोग होतो आणि भाऊ यायलाच तयार नसेल तर घरच्यांनी काय करावे, हेही तुम्ही विचारले आहे. व्यसनांच्या उपचारात अनेक वर्षे घालवल्यानंतर माझे उत्तर असे आहे की नुसत्या बोलण्याने, म्हणजे उपदेशाने, व्यसन सुटत नाही हे तुमच्या घरच्यांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु चांगल्या मानसोपचारात उपदेशाला फारशी जागाच नसते. त्यात सराव असतो, आणि माणूस ज्या प्रसंगी पितो त्या नेमक्या प्रसंगांचा तो सराव असतो.

आधी रुग्णालयात काय झाले ते समजून घ्यावे लागेल. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू अचानक थांबली की हात थरथरणे, घाम येणे, मळमळ, झोप उडणे अशी वियोगलक्षणे सुरू होतात. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, आणि थोड्या रुग्णांमध्ये शेवटचा प्याला घेतल्यानंतर ४८ ते ९६ तासांच्या सुमारास भ्रम, भास आणि तीव्र अस्वस्थता यांची अशी अवस्था उद्भवते की वेळेवर उपचार न मिळाल्यास ती जिवावर बेतू शकते. म्हणून हा टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पार पडला पाहिजे. बेंझोडायझेपीन गटातील झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांची सवय जडली असेल तर त्याही घरच्या घरी एकदम बंद करणे तितकेच धोक्याचे असते. मात्र हा टप्पा, म्हणजेच डिटॉक्स, साधारण आठवडाभरात संपतो आणि त्यातून शरीर दारूशिवाय राहू शकेल अशा स्थितीत येते, एवढेच साधते. दारूकडे वळण्याची जी सवय मेंदूत वर्षानुवर्षे मुरलेली असते, तिला डिटॉक्सने धक्काही लागत नाही. तुमच्या भावाचे उपचार दोन्ही वेळा या पहिल्या टप्प्यावरच थांबले, असे तुमच्या वर्णनावरून दिसते.

ही सवय कशी काम करते ते सांगतो, कारण पुढचे सर्व उपचार त्यावरच आधारलेले आहेत. ठरावीक वेळ, ठरावीक रस्ता, ठरावीक माणसे आणि ठरावीक मनःस्थिती यांच्याशी दारूची सांगड बसलेली असते, आणि त्यांपैकी एक गोष्ट समोर आली तरी तलफ जागी होते. रुग्णालयात यांपैकी काहीच समोर नसते. तेथे तलफ येत नाही म्हणून रुग्णाला वाटते की आपण सुटलो, नातेवाइकांनाही तसेच वाटते, आणि घरी परतल्यावर पहिल्याच आठवड्यात जुन्या वेळी जुनी ओढ लागली की दोघेही हादरतात. व्हिएतनामच्या युद्धात हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकी सैनिकांचा मायदेशी परतल्यानंतरचा मागोवा ली रॉबिन्स या संशोधिकेने घेतला होता. त्यांच्यापैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झालेले सुमारे ५ टक्केच होते. याची कारणे एकाहून अधिक आहेत, पण व्यसन जेथे जडले ते सगळे वातावरणच मागे पडले, हे त्यांतले एक मोठे कारण मानले जाते. आपल्या बहुतेक रुग्णांचा प्रवास नेमका उलट असतो: ते परक्या जागी बरे होतात आणि व्यसन जेथे जडले तेथेच परत जातात.

दुसरी बाब फळाची आहे. दारूचे फळ काही मिनिटांत हाती येते, तर ती सोडल्याची फळे, म्हणजे प्रकृती, विश्वास, पैसा आणि मुलांशी जुळलेले नाते, महिन्यांनी मिळतात आणि मिळतीलच याची खात्रीही नसते. दीर्घकाळच्या व्यसनात लांबच्या फळाची किंमत मनाला आणखी कमी वाटू लागते. म्हणून ‘मुलांकडे बघून तरी सोड’ हे वाक्य खरे असूनही संध्याकाळी सात वाजता निष्प्रभ ठरते. माणसाचे मुलांवर प्रेम नसते असा त्याचा अर्थ कृपया लावू नका.

आता उपचारांकडे वळतो. पहिले पाऊल बहुधा प्रेरणासंवादाचे असते. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये ही पद्धत प्रथम मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह १९९१ मध्ये तिचे सविस्तर विवेचन केले. तिचा पाया साधा आहे. व्यसनी माणसाच्या मनात सोडावे आणि सोडू नये अशा दोन्ही बाजू एकाच वेळी असतात, आणि समोरच्याने सोडण्याची बाजू लावून धरली की त्याच्याकडे उरते ती न सोडण्याची बाजू. मग तो तीच मांडतो आणि स्वतःचेच बोलणे ऐकून तिच्यावर अधिक ठाम होतो. मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले की समुपदेशकाने बैठकीत जितके अधिक खोडून काढले आणि खडसावले, तितके रुग्णाचे वर्षभरानंतरचे पिणे अधिक होते. हा निष्कर्ष मी नव्या समुपदेशकांना आवर्जून सांगतो, कारण खडसावणे हे कळकळीपोटीच होत असते आणि त्यामुळे ते आपल्या हातून घडते आहे हे लक्षातच येत नाही.

हा संवाद प्रत्यक्षात कसा असतो? समजा, तुमचा भाऊ म्हणाला, ‘पितो मी, पण कामावर एक दिवस खाडा केलेला नाही.’ घरातले उत्तर ठरलेले असते: ‘खाडा नाही केला म्हणजे काय उपकार केलेस?’ प्रशिक्षित समुपदेशक म्हणेल, ‘कामाची जबाबदारी तुम्ही कधी टाळली नाही, आणि ती पुढेही टाळावी लागू नये असे तुम्हाला वाटते.’ यात खोटी स्तुती नाही. रुग्णाच्या बोलण्यातच जी बदलाची बाजू दडलेली आहे ती उचलून त्याच्यासमोर ठेवली आहे. दुसरा एक प्रश्न नेहमी वापरला जातो: ‘दारू सोडणे तुम्हाला किती महत्त्वाचे वाटते, ० ते १० मध्ये सांगा.’ रुग्ण ४ म्हणाला तर ‘१० का नाही?’ असे विचारायचे नसते. ‘४ म्हणालात, १ का नाही म्हणालात?’ असे विचारायचे असते. पहिल्या प्रश्नाला सबबी मिळतात, दुसऱ्याला कारणे मिळतात, आणि ती रुग्णाची स्वतःची असतात. ही पद्धत १ ते ४ बैठकांतही परिणाम दाखवते आणि सौम्य व्यसनात कधी कधी तेवढी पुरते. तुमच्या भावासारख्या, दोनदा डिटॉक्स झालेल्या माणसाला ती उपचाराच्या दारापर्यंत आणते. पुढचे काम वेगळे आहे.

ते पुढचे काम म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार. याबद्दल मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ‘बोलून काय होणार’ या शंकेचे खरे उत्तर येथे आहे. पहिल्या काही बैठकांत पिण्याच्या एकेका प्रसंगाची उकल केली जाते. ‘तुम्ही का पिता?’ असा व्यापक प्रश्न विचारला तर ‘टेन्शन येते’ एवढेच उत्तर मिळते आणि त्याचा उपचाराला काही उपयोग होत नाही. त्याऐवजी मागच्या गुरुवारी संध्याकाळी काय झाले ते क्रमाने विचारतात. दुपारी वरिष्ठांनी चारचौघांत बोल लावले. त्यानंतर जेवण झाले नाही. निघताना सहकाऱ्याचा फोन आला. ‘आज एवढे सहन केले, मला कोणी काही विचारू नये’ असा विचार मनात आला. नेहमीच्या रस्त्याऐवजी दारूच्या दुकानावरून जाणारा रस्ता घेतला, कारण ‘तिकडे गर्दी कमी असते’. पहिल्या पेगने अपमानाची बोच बोथट झाली. चौथ्यानंतर घरी भांडण झाले. सकाळी शरम वाटली, आणि ती शरम दुसऱ्या दिवसाच्या पिण्याचे कारण झाली.

या साखळीत दारू शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या कडीवर येते, त्याआधीच्या प्रत्येक कडीपाशी काहीतरी वेगळे करता आले असते, आणि जितक्या आधीच्या कडीपाशी ते करावे तितके ते सोपे असते. दुकानाच्या दारात उभे राहून नकार देण्यापेक्षा दुपारचे जेवण न टाळणे फार सोपे आहे. ‘तिकडे गर्दी कमी असते’ यासारखे वरवर निरुपद्रवी दिसणारे निर्णय ओळखायला रुग्ण शिकतो. ‘एवढे सहन केले’ या विचाराची उलटतपासणी करायला शिकतो. वरिष्ठांशी काय बोलायचे, रागाचे काय करायचे, हे बैठकीत प्रत्यक्ष भूमिका घेऊन घोकून घेतले जाते. नकार देण्याचाही सराव असतो: डोळ्याला डोळा देऊन, थोडक्यात, आणि कारण न सांगता. ‘सध्या औषध चालू आहे’ असे कारण दिले की औषध संपल्यावर आग्रह पुन्हा सुरू होतो. ‘मी घेत नाही’ एवढे म्हणून विषय बदलला की बहुतेक लोक दुसऱ्यांदा विचारत नाहीत.

तलफेवरही असेच काम होते. रुग्णांची समजूत असते की तलफ भागवली नाही तर ती वाढतच जाईल. प्रत्यक्षात ती लाटेसारखी चढते आणि वाट पाहिली तर ओसरते. रुग्णाला वहीत तलफेची वेळ, तीव्रता आणि ती किती टिकली याची नोंद ठेवायला सांगितले जाते, आणि दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी समोर ठेवल्या की त्याला स्वतःच दिसते की एकही तलफ रात्रभर टिकली नव्हती. समुपदेशकाने हेच दहा वेळा सांगून जे झाले नसते ते त्या वहीने होते. बैठक आठवड्यात तासभराची असते आणि उरलेला सगळा वेळ रुग्ण बाहेर असतो, त्यामुळे बैठकांच्या मध्ये दिलेला अभ्यास करणाऱ्यांना या उपचाराचा अधिक लाभ होतो, यात नवल नाही. कॅथलीन कॅरोल आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये कोकेनच्या रुग्णांबाबत असे दाखवले की या उपचाराचा काही परिणाम उपचार संपल्यानंतरच्या काळात पुढे येतो. कौशल्य मुरायला वेळ लागतो. म्हणून दोन महिन्यांत ‘काही फरक नाही’ असा निकाल देण्याची घाई करू नये.

घसरण, म्हणजे सोडल्यावर पुन्हा एखादा पेग घेतला जाणे, हा विषय याच उपचाराचा भाग आहे, आणि तुमच्या घराच्या दृष्टीने कदाचित सर्वांत महत्त्वाचा. ॲलन मार्लाट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ मध्ये व्यसनाकडे पुन्हा वळण्याच्या प्रक्रियेची जी मांडणी केली, तिच्यात पुन्हा सुरुवात करण्याचे बहुसंख्य प्रसंग तीन प्रकारांत बसतात: नकारात्मक भावना, जवळच्यांशी संघर्ष आणि इतरांचा आग्रह. त्याहून मोलाचे त्यांचे निरीक्षण पुढचे आहे. अनेक आठवडे कोरडा राहिलेला माणूस एक पेग घेतो, त्या क्षणी त्याच्या मनात येते की संकल्प मोडला, आपल्यात दमच नाही, आता सगळे गेलेच. आणि या निराशेतून तो पुढचे दहा दिवस पितो. त्या दहा दिवसांना पहिल्या पेगमधल्या दारूइतकाच हा निष्कर्षही कारणीभूत असतो. आयुष्यभराच्या शपथांचा धोका येथे आहे, कारण शपथ एकदा मोडली की तिच्यात परतीची वाट नसते.

म्हणून चांगल्या उपचारात घसरणीची तयारी आधीच केली जाते. रुग्णाच्या खिशात एक चिठ्ठी असते: थांबायचे, तेथून बाहेर पडायचे, ठरलेल्या माणसाला फोन करायचा, आणि २४ तासांच्या आत उपचारकाला कळवायचे. काही नातेवाइकांना वाटते की अशी तयारी म्हणजे पिण्याची परवानगी. मला तसे वाटत नाही. फिटचा आजार असलेल्या रुग्णाच्या घरच्यांना फिट आल्यास काय करावे हे शिकवणे म्हणजे फिटला परवानगी देणे नव्हे. थॉमस मॅकलेलन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवून दिले होते की उपचारानंतर पुन्हा व्यसनाकडे वळण्याचे प्रमाण उच्च रक्तदाब किंवा दमा या आजारांत लक्षणे उलटण्याच्या प्रमाणाशी मिळतेजुळते आहे. त्या आजारांत आपण रुग्णाला नालायक म्हणत नाही, उपचार बदलतो.

यानंतरची पद्धत ऐकताना अनेकांना खटकते, तरी पुराव्याच्या दृष्टीने ती अत्यंत भक्कम आहे. तिला प्रोत्साहनाधारित उपचार म्हणता येईल. रुग्णाची लघवी आठवड्यातून दोन-तीन वेळा तपासली जाते. नमुना निर्मळ निघाला की त्याला लगेच एक कूपन मिळते, जे उपयोगी वस्तूंसाठी वापरता येते. सलग निर्मळ नमुने आले की कूपनाची किंमत वाढत जाते, आणि नमुना सदोष आला की ती पुन्हा मूळ पातळीवर येते. शिक्षा होत नाही, ओरडा बसत नाही. स्टीफन हिगिन्स यांनी १९९४ मध्ये कोकेनच्या रुग्णांवर केलेल्या चाचणीत कूपन मिळणाऱ्या गटातील ७५ टक्के रुग्णांनी २४ आठवड्यांचा उपचार पूर्ण केला, तर तोच उपचार कूपनाविना घेणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांनी. नॅन्सी पेट्री यांनी कूपनाऐवजी चिठ्ठी काढून बक्षीस देण्याची कमी खर्चाची पद्धत आणली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दारूवरील अभ्यासात आठ आठवड्यांपर्यंत टिकलेल्यांचे प्रमाण ८४ टक्के होते, नेहमीचा उपचार घेणाऱ्या गटात २२ टक्के. कोकेन आणि मेथॅम्फेटामाइन यांसारख्या उत्तेजक पदार्थांच्या व्यसनावर सर्वमान्य औषध आजही नाही, आणि त्या व्यसनांत या पद्धतीइतका पुरावा दुसऱ्या कोणत्याही उपचारामागे नाही.

‘ही लाच झाली’ असा आक्षेप घेतला जातो. लाच वाईट काम करून घेण्यासाठी देतात. येथे लांबच्या फळाची किंमत कळेनाशी झालेल्या मेंदूला जवळचे फळ दिले जाते, म्हणजे ज्या दुबळेपणामुळे आजार टिकतो त्यावरच उपाय केला जातो. खरी मर्यादा निराळी आहे: बक्षिसे थांबली की परिणाम ओसरू लागतो, म्हणून त्या काळात दुसरी कौशल्ये आणि दुसरे आनंद रुजवावे लागतात. दारूच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. श्वासाच्या चाचणीत काही तासांपूर्वीपर्यंतचीच दारू कळते, त्यामुळे दारूचे अवशेष काही दिवसांपर्यंत दाखवणारी लघवीची विशेष तपासणी लागते. कुटुंबाने घरी अशी बक्षीस-योजना स्वतः चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भरवशाची तपासणी नसली की वहिनींवर पोलिसाची भूमिका येते, आणि त्यातून संशय व लपवाछपवीच वाढते.

मग दुसरे आनंद रुजवायचे कसे? जॉर्ज हंट आणि नेथन ॲझरिन यांनी १९७३ मध्ये मांडलेली समुदायाधारित पद्धत याच प्रश्नावर उभी आहे. तिचे म्हणणे असे की दारूविना जगणे हे दारूसह जगण्यापेक्षा अधिक समाधानाचे झाले तरच माणूस तेथे टिकेल. म्हणून नोकरी, पतिपत्नीचे नाते, फावला वेळ आणि मित्रपरिवार या सर्वांवर ठरवून काम केले जाते. दारू सोडलेल्या माणसाच्या हाती संध्याकाळचे तीन-चार तास एकदम रिकामे येतात, आणि ते कशाने भरायचे हे आधी ठरले नसेल तर दारूच ते भरते. या पद्धतीत आयुष्यभराची शपथ मागत नाहीत. ‘पुढचे ९० दिवस न पिता राहून पाहू, मग काय वाटले ते बोलू’ अशी मुदतीची बोलणी करतात. रुग्णाला ९० दिवस जड वाटले तर ३० दिवसांवर या, पण ठरवलेले पाळता येईल एवढेच ठरवा.

सजगतेच्या, म्हणजे तलफेशी न झगडता तिच्याकडे शांतपणे पाहण्याच्या, सरावावर आधारलेला उपचारही आता बराच वापरला जातो, आणि ज्यांना तलफ विचारांनी हाताळता येत नाही त्यांना तो मानवतो. तो मी डिटॉक्सनंतर लगेच सुचवत नाही, थोडे स्थैर्य आल्यावर सुचवतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या १९३५ मध्ये सुरू झालेल्या स्वमदत गटांविषयी अनेक तज्ज्ञ साशंक असत. परंतु २०२० च्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, असे दिसले की रुग्णाला या गटांशी पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार दारूपासून पूर्णपणे दूर राहणे टिकवण्यात इतर प्रस्थापित उपचारांइतके किंवा त्यांहून अधिक परिणामकारक ठरतात. ते विनामूल्य असतात आणि उपचार संपल्यावरही चालू राहतात, ही त्यांची मोठी ताकद आहे. पहिल्या सभेत मन रमले नाही तर दुसऱ्या गटाच्या सभेला जाऊन पाहावे.

यांपैकी सर्वोत्तम कोणता, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. अमेरिकेत १,७२६ रुग्णांवर झालेल्या प्रोजेक्ट मॅच या मोठ्या चाचणीत बोधात्मक वर्तनोपचार, प्रेरणासंवादावर आधारलेला प्रेरणावर्धक उपचार आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारख्या बारा पायऱ्यांच्या गटांशी जोडणारा उपचार यांची तुलना झाली. १९९७ मध्ये आलेल्या निष्कर्षांत तिन्ही गटांत ठळक सुधारणा होती आणि त्यांच्यातला फरक थोडा होता. यावरून ‘काहीही केले तरी चालते’ असा अर्थ काढणे चूक ठरेल, कारण त्या तिन्ही उपचारांत समुपदेशक प्रशिक्षित होते, ठरलेल्या पुस्तिकेप्रमाणे काम करत होते आणि त्यांच्या कामावर देखरेख होती. दारूवरील चाचण्यांच्या आढाव्यांत व्याख्याने आणि शैक्षणिक चित्रफिती सातत्याने तळाशी आढळल्या आहेत. यकृताची भीतिदायक चित्रे दाखवणे, सर्वांसमोर पाणउतारा करणे, कोंडून ठेवणे, मारहाण करणे हे जेथे चालते तेथे रुग्णाला ठेवू नये, मग ती संस्था कितीही शिस्तीची म्हणून ओळखली जात असो.

औषधे आणि मानसोपचार यांत एकच निवडायचे असते, हा गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. दारूच्या व्यसनात नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट या औषधांचा अनेकांना उपयोग होतो, आणि तुमच्या भावाच्या डॉक्टरांशी त्याबद्दल जरूर बोला. हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात तर केवळ डिटॉक्स करून समुपदेशनावर सोडून देणे धोकादायक आहे: शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, रुग्ण जुन्याच प्रमाणात घेतो आणि दगावतो. तेथे मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे दीर्घकाळ चालू ठेवल्याने मृत्यूचे प्रमाण कमी होते, आणि ‘एक नशा सोडून दुसरी’ या समजापायी ती बंद करणे जिवावर बेतू शकते.

नैराश्य, चिंता किंवा जुन्या आघाताचे परिणाम सोबत असतील तर ‘आधी दारू सुटू दे, मग पाहू’ असे म्हणणेही योग्य नाही. दोन्हींवर एकत्र उपचार व्हावेत. दारू थांबल्यावर दोन-चार आठवड्यांत बरीच उदासी आपोआप निवळते, आणि जी निवळत नाही तिला स्वतंत्र उपचार लागतात. मरणाचे विचार बोलून दाखवले तर मात्र एक दिवसही थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

उपचारक निवडताना थेट प्रश्न विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. पिण्याच्या प्रसंगांची उकल कशी करता, बैठकांच्या मध्ये काय करायला देता, रुग्ण घसरला तर काय करता, कुटुंबाला कसे सामील करून घेता, डॉक्टरांशी संपर्क ठेवता का, पहिल्या तीन महिन्यांनंतर काय असते? ‘घसरला तर काढून टाकतो’ हे उत्तर मिळाले तर दुसरीकडे जा. लक्षण दिसले म्हणून रुग्णाला उपचारातून काढणे हे दुसऱ्या कोणत्याही आजारात आपण मान्य करणार नाही.

शेवटचा प्रश्न, भाऊ यायला तयार नसेल तर. यावर रॉबर्ट मायर्स यांनी विकसित केलेली कुटुंब-प्रशिक्षणाची पद्धत आहे, आणि ती केवळ नातेवाइकांना बोलावून शिकवली जाते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दारूविषयक चाचणीत या प्रशिक्षणानंतर उपचार नाकारणारे ६४ टक्के रुग्ण उपचारात आले. सर्वांनी मिळून रुग्णाला अचानक घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होते आणि नातेवाइकांच्या स्वमदत गटांत १३ टक्के. तिची मुख्य सूत्रे सांगतो. भाऊ न पिता घरी आला त्या संध्याकाळी त्याच्याबरोबर बसा, जेवा, बोला. प्यायलेला असेल तेव्हा वाद न घालता शांतपणे दूर व्हा. पिण्याचे स्वाभाविक परिणाम त्याच्यापासून झाकू नका: कामावर त्याच्या वतीने खोटे कारण कळवू नका, त्याची उधारी परस्पर फेडू नका. घरात हात उचलला जात असेल तर वहिनी आणि मुलांची सुरक्षितता प्रथम. तेथे ही सूत्रे बाजूला ठेवून आधी सुरक्षित जागा आणि मदत शोधा.

विषय काढण्याची वेळ काळजीपूर्वक निवडा. तो शुद्धीत असताना, शक्यतो पिण्यामुळे एखादी अडचण नुकतीच सोसल्यानंतर, आणि तुमचा राग उतरल्यावर, थोडक्यात बोला: ‘दादा, काल रात्री तू आला नाहीस तेव्हा मला फार भीती वाटली. मी एका डॉक्टरांशी बोलून ठेवले आहे. एकदा भेटून ये, मी सोबत येतो. नाही पटले तर पुन्हा जाऊ नकोस.’ तो हो म्हणाला तर ती तयारी एक-दोन दिवसच टिकते असे समजून चाला. म्हणून बोलण्याआधीच उपचारकाकडे चौकशी करून ठेवा आणि होकार मिळताच दुसऱ्या दिवसाची वेळ मिळेल अशी व्यवस्था करा. नाही म्हणाला तर ‘बरं’ म्हणून विषय तेथेच थांबवा आणि पुढची अशी वेळ येईपर्यंत वाट पाहा. या पद्धतीने आलेल्या रुग्णांपैकी अनेक जण पहिल्या विचारण्यात आलेले नसतात. दरम्यान प्रशिक्षणाच्या बैठका तुम्ही आणि वहिनींनी स्वतःसाठी सुरू करा, त्यासाठी भावाच्या होकाराची गरज नाही.